पाचही शब्द पाठ

माझ्या डोक्यात रक्त साचलं होतं, ते कवटीला भोक पाडून काढावं लागलं. हे वाक्य मी हल्ली 'दूध उतू गेलं'च्या सुरात सांगते आणि ऐकणाऱ्याचा चहा हातात तसाच राहतो. लोकांना वाटतं, बाई फार धीराची. कसला धीर! मला बरेच दिवस काही वाटतच नव्हतं. अजूनही सगळं परत आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल.

लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे. मी रियाधमधल्या एका भारतीय शाळेत पीटी शिकवते. शनिवारी आणि मंगळवारी संध्याकाळी एका कंपाउंडच्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीच्या, मैदानावर मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवायचे. डोक्याला मार लागला तर काय करायचं याचं कार्ड माझ्या खिशात असायचं. तरी जे व्हायचं ते झालंच, आणि ते माझ्या एकटीच्या डोक्यावर निभावलं नाही. ज्यांच्या हाताखाली पोरं खेळतात त्यांनी हे वाचावं. आजारपणाचं रडगाणं गायला मी बसलेली नाही.

खो-खोवाली बाई

फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा धाकटा भाऊ. चेंडू तोच, लांबट. पण अंगावर झेप घेणं नाही, त्यामुळे हेल्मेटही नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन्ही बाजूंना एकेक फीत लटकते. चेंडू घेऊन पळणारीची फीत खेचली, की डाव तिथे थांबला.

मी सांगलीची, खो-खोत वाढलेली. आमच्या लीगचं काम बघणाऱ्या लिंडाने, म्हणजे एका अमेरिकन बाईने, पहिल्या दिवशी फळ्यावर बाण काढून नियम समजावले. मी मनात म्हटलं, अगंबाई, हुलकावणी देऊन पळायचं, हे तर आपलंच आहे की! मग मी पोरींना माझ्या पद्धतीने शिकवलं. खांदा खोटं बोलतो, नजर खोटं बोलते, कंबर बोलत नाही. समोरचीच्या कमरेकडे बघ आणि वाकून फीत ओढ. बाकीच्या संघांकडे चाळीस चाळीस डाव लिहिलेल्या वह्या होत्या. माझ्याकडे तीन हुलकावण्या आणि सहा पोरी. खेळायला पाच लागतात, म्हणजे राखीव एकच.

त्या सहांत सगळ्यात चपळ झोया. बारा वर्षांची, मूळ रत्नागिरीकडची. वडिलांचं इथे मोबाइलचं दुकान आहे. तिची आई नसीमभाभी प्रत्येक सरावाला खजूर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जाळीबाहेर बसायची.

पोरींना चेव आणायची माझी पद्धतही सांगून टाकते, कारण ती नंतर मला नडली. लाडीगोडी मला जमत नाही. 'रडायचं असेल तर पाणी पिताना रडा, वेळ वाचतो,' असं मी म्हणायचे. पोरी खिदळायच्या. आमच्या संघात कुणी कधी 'दुखतंय' म्हणालं नाही आणि मी ते अभिमानाने सांगत फिरायचे.

कार्ड

ते कार्ड लिंडाने सगळ्या प्रशिक्षकांना दिलं होतं. डोकं आपटलं, की खेळाडूला बाजूला घ्या. पाच शब्द सांगा, जरा वेळाने परत विचारा. महिने उलटे म्हणायला लावा. एका पायावर उभं करा. शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद. खाली एक ओळ होती, शब्द दर वेळी नवे घ्या.

आता मी पडले मास्तरीण. परीक्षा आहे म्हटल्यावर माझी पोरं तिच्यात नापास होतील, हे मला सहन कसं होणार? मी पाच शब्द ठरवून टाकले. खजूर, छाता, ट्रक, बंदर, साबुन. पोरी मल्याळी, हैदराबादी, कोकणी, सगळ्या मिसळीच्या, म्हणून हिंदीतच. सराव सुरू करताना मैदानाला दोन फेऱ्या मारताना आम्ही ते एका तालात म्हणायचो. पाठोपाठ डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. पोरी इतक्या तयार झाल्या, की झोपेतही अडल्या नसत्या. लिंडा एकदा कौतुकाने बघत उभी होती. हा तिला वॉर्मअप वाटला असणार.

घोकंपट्टी आपल्या रक्तात आहे. ज्या परीक्षेला अभ्यास करून जायचंच नसतं, तिचाही मी अभ्यास करून घेतला.

धडक

फीत खेचायचा सराव चालू होता. राखीव मुलगी त्या दिवशी आली नव्हती, म्हणून बचाव करायला मी स्वतः उभी राहिले. झोया चेंडू पोटाशी धरून मान खाली घालून सुसाट आली. मी तिच्या कमरेकडे बघत वाकले. तिचं कपाळ माझ्या कानशिलावर आदळलं आणि मी मागे पडले ती डोक्यावरच. मान वर ठेवून पळायचं, हे मी त्या पोरींना शंभरदा सांगितलं होतं. पण वाकलेल्या माणसाच्या डोक्याची उंची आणि धावणाऱ्या पोरीच्या डोक्याची उंची एक होते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पहिली मी हसले, मग सगळ्या हसल्या.

लिंडा शेजारच्या मैदानावरून आली आणि कार्ड काढून तिने मलाच विचारलं, तुम्ही शब्द कुठले वापरता. मी सांगितले. झोयाने पाचही धडाधड म्हटले, महिने उलटे म्हटले, एका पायावर बगळ्यागत उभी राहिली. मग गमतीने माझी चाचणी झाली. मीही पहिल्या नंबराने पास. लिंडा म्हणत होती, तरी आज दोघी बसा. मी म्हटलं, खलास, विषय संपला, दोघी पास झालोय, स्पर्धेला महिनाही राहिला नाही. यल्ला, चला!

झोया उरलेला अर्धा तास खेळली. मीच तिला मैदानात पाठवलं.

शिट्टी

पुढचे तीन आठवडे डोकं दुखत होतं. उन्हाने असेल म्हटलं. माझा नवरा प्रसाद बँकेच्या आयटीत आहे, त्याला प्रत्येक दुखण्याचं मूळ चष्म्यात दिसतं. तो म्हणाला, नंबर वाढला असेल. पोळ्या लाटताना डाव्या हातातून लाटणं सुटायचं. हाताला मुंग्या नव्हत्या, दुखत नव्हतं. तो हात आपला नसल्यासारखा पडून राहायचा. आमटीत मी दोनदा मीठ घातलं, तर आमचा ओम फक्त 'Mom, seriously?' म्हणून पाणी प्यायला. चाळिशी उलटलेल्या बाईला काहीही झालं, तरी 'वय' म्हणून खपून जातं. मीही खपवलं.

मग एका सकाळी शाळेच्या प्रार्थनेला शिट्टी वाजवायला गेले, तर ओठ मिटेनात. डाव्या बाजूने नुसती हवा जात होती. समोर सहाशे मुलं रांगेत उभी. मी परत फुंकलं. पुढच्या रांगेतली मुलं हसायला लागली आणि मुख्याध्यापिका माझ्याकडे धावत आल्या. मला आठवतं, मी शांतपणे शिट्टी पुसून खिशात ठेवली.

नवे शब्द

हॉस्पिटलात एक तरुण सौदी डॉक्टरीण होती. डोकं कुठे आपटलं का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते मी खोटं बोलत नव्हते. तिने मला पाच इंग्रजी शब्द सांगितले, नंतर विचारीन म्हणाली. मग टाचणी टोचली, बोटं मोजायला लावली, पाय उचलायला लावले. थोड्या वेळाने म्हणाली, आता सांगा ते शब्द.

मी आत्मविश्वासाने म्हटलं, "खजूर, छाता, ट्रक, बंदर, साबुन."

तिने प्रसादकडे बघितलं. प्रसादने माझ्याकडे बघितलं. तिच्या पाचातला एकही शब्द मला आठवत नव्हता, आजतागायत आठवलेला नाही. पण स्वतःच्याच तोंडून ती यादी ऐकली आणि धडक आठवली, आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट कळली. झोयाही अशीच पास झाली होती. तीन आठवडे ती पळत होती, दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, तर स्पर्धेतल्या एका सामन्यात तीनदा पडली होती. अंतिम सामना येत्या शुक्रवारी होता.

मी वाट बघत होते, की आता छातीत धस्स होईल. झालं नाही. पोरीचं डोकं माझ्यासारखंच भरत असेल, ती मैदानात पडली तर मरेल, हे सगळं मला कळत होतं. फक्त कळत होतं. बातम्यांत दुसऱ्या गावचा अपघात ऐकावा तेवढंच.

स्कॅन झाला. डॉक्टरीण म्हणाली, कवटीच्या आत रक्त साचलंय, मेंदू दाबला जातोय, आजच काढायला हवं. प्रसादचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याला म्हटलं, नसीमभाभींना फोन कर. झोयाचा आजच्या आज स्कॅन करायला सांग, शुक्रवारी खेळू देऊ नका म्हणून सांग. त्याने मान डोलावली. इकामाची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, प्रत, विम्याचे कागद, संमतीपत्र, यांत तो इकडून तिकडे पळत होता. डोक्याचा एक भाग भादरायला ट्रॉलीवर घेतलं तेव्हा मी परत विचारलं, फोन केलास का?

"केला," तो म्हणाला. "पोरगी एकदम मस्त आहे. ते बघून घेतील. तू शांत हो."

मी शांतच होते.

दर तासाची परीक्षा

ऑपरेशनचं मला काही माहीत नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही नाही. जाग आली तेव्हा ओठ मिटत होते. प्रसाद खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. मी त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हे बघत होते.

मग सुरू झाला हॉस्पिटलचा पाठ. दर तासाला जिन्सी नावाची केरळची सिस्टर यायची. नाव सांगा, कुठे आहात, साल कोणतं, महिना कोणता, माझी बोटं दाबा. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती यायच्या आधी मी झाडूवाल्याला तारीख विचारून ठेवतेय. जित्याची खोड! सिस्टरने ते पकडलं. पुढच्या फेरीला तिने विचारलं, तुमच्या शाळेत पाण्याची टाकी कुठे आहे, काल रात्री जेवणात भाजी कोणती होती. मी अडखळले. ती शांतपणे म्हणाली, अडखळा, मला तेच बघायचंय. ही बाई मला देवासारखी भेटली, असं आज म्हणते. तेव्हा फक्त वैताग आला होता, आणि निदान तो तरी आला म्हणून बरं.

बाकी काही येत नव्हतं. ओम भेटायला आला, माझं अर्धं भादरलेलं डोकं बघून दारातच थबकला. त्याला जवळ घ्यायला हवं, हे मला एखाद्या नियमासारखं आठवलं, म्हणून मी घेतलं. ज्यांना हे होईल त्यांना सांगते, असं सुन्न वाटलं तर आपलं प्रेम आटलं असं समजू नका. घरच्यांनाही ते सांगून ठेवा. आम्ही बोललो नाही, आणि त्या न बोलण्याचा त्रास ऑपरेशनपेक्षा जास्त झाला.

सांदणं

पाचव्या दिवशी, गुरुवारी, नसीमभाभी आल्या. डब्यात सांदणं होती, तांदळाची, नारळाच्या रसात वाफवलेली. माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी तोंडावर ओढणी धरली. मी विचारलं, झोयाच्या स्कॅनचं काय झालं?

त्यांना काही समजलं नाही. कसला स्कॅन? फोन? कुणाचा फोन? मॅडम आजारी आहेत एवढंच त्यांना शाळेच्या ग्रुपवर समजलं होतं.

मी प्रसादकडे पाहिलं. तो सलाइनच्या बाटलीकडे बघत होता.

मग मीच सांगितलं. मार दोघींना लागला, शब्द पाठ होते, चाचणी खोटी होती, तिला परत खेळायला मी पाठवलं. काही लपवलं नाही. आवाज माझा हजेरी घ्यावी तसा सपाट होता आणि त्या आवाजाची मला तेव्हाही लाज वाटायला हवी होती. नसीमभाभी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या.

"मी मारलाय तिला, मॅडम," त्या म्हणाल्या. "गणितात सहा मार्क पडले म्हणून. पुस्तक उघडला की डोळे मिटून बसायची. मोबाइल बघून नाटक करते, असा वाटला मला. दोनदा मारलाय."

एवढं बोलून त्या उठल्या. डबा तिथेच राहिला.

त्या गेल्यावर मी प्रसादला एकच विचारलं, का? तो म्हणाला, "तुझं डोकं उघडायला नेत होते. त्या वेळी मी दुसऱ्यांना फोन लावून त्यांचं ऐकत बसू? आणि पोरगी बरी नाही म्हणाले असते, तर तू ट्रॉलीवरून उतरली असतीस. ओळखत नाही का मी तुला?" मग पुढचे चार दिवस त्याच्या डोक्यातून गेलंच, असं तो म्हणाला. खरं असेल. त्याच्यावरही काय कमी गुदरलं होतं! पण त्या चार दिवसांत ती पोरगी मंगळवारच्या सरावाला गेली होती.

मी नुसती बघत राहिले. त्याला ते सोसवेना. "भांड ना माझ्याशी," तो म्हणाला. "शिव्या दे. अशी बघू नकोस."

मला भांडण येत नव्हतं. मी सांदण खाल्लं. गोड होतं, एवढं कळलं.

निकाल

स्कॅन दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. तोवरचे तास कसे गेले ते सांगायचं तर, गेले. माझी बोटं जिन्सी सिस्टरच्या बोटांवर दाबली जात होती, इतकंच. संध्याकाळी नसीमभाभींचा निरोप आला. रक्त नाही. पण मेंदूला मार बसला होता, तो तीन आठवडे तसाच घेऊन ती पळत होती. आता महिनाभर शाळा अर्धा दिवस, मोबाइल नाही, खेळ नाही. आणखी एक धडक बसली असती तर काय, ते डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. नसीमभाभींनी ते मला लिहिलं नाही.

मी 'अल्हम्दुलिल्लाह' असं लिहून पाठवलं. लिहिताना तो शब्द मला फक्त बरोबर वाटला.

त्याच संध्याकाळी आमच्या उरलेल्या पोरी अंतिम सामना खेळल्या, पाचच होत्या, राखीव नाही, प्रशिक्षक नाही. सपाटून हरल्या. लीगने माझं काम थांबवलं, ते मी मान्य केलं. लिंडाला मी कार्डाची सगळी हकिगत लिहून दिली आणि तिने ती इतर प्रशिक्षकांना वाचून दाखवली. झोयाच्या वडिलांनी तिला खेळातून काढलं. शांतपणे आणि अदबीने सांगितलं त्यांनी, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मलजमधलं घर

दोन महिन्यांनी केस बोटभर वाढल्यावर मी झोयाच्या घरी गेले, रियाधच्याच मलज भागात. प्रसादने खाली गाडीत थांबतो म्हटलं. आमचं बोलणं आता बरं चाललंय, पण ती गोष्ट अजून आम्ही पूर्ण बोललेलो नाही.

नसीमभाभींनी दार उघडलं. हातातलं पीठ दाखवून त्या आत स्वयंपाकघरात वळल्या. झोया सोफ्यावर बसली होती, जरा सुटली होती, निवांत दिसत होती. शाळेत माझ्याशी कायम हिंदी बोलणारी ही पोरगी घरात आईच्याच मराठीत बोलते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिची माफी मागायला गेले होते. पाठ करून गेले होते, चार वाक्यं. ती म्हटली. चुकलं ते माझं चुकलं, तू काही खोटं केलं नाहीस, वगैरे. ती सोफ्याचा दोरा ओढत ऐकत होती.

मग म्हणाली, "मॅम, त्या दिवशी मला पाची शब्द येत होते. तुमचं नाव येत नव्हतं."

"माझं?"

"हो. लिंडा मॅमनी शब्द विचारले, ते आले. तुम्ही समोरच होतात. मी बघत होते, ह्या कोण, ह्या कोण म्हणून. घरी जाईपर्यंत आठवला नाय."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस गं?

"ता कुणी विचारलाच नाय," ती म्हणाली.

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने सहज सांगितलं, खरं होतं म्हणून.

आणि तेव्हा मला रडू आलं. स्कॅनच्या वेळी नाही, ओमला बघून नाही, तिचा निकाल आला तेव्हा नाही. त्या सोफ्यावर आलं, आणि थांबेना. लाज वाटली, भीती वाटली, त्या पोरीची माया वाटली. सगळं एकदम आलं. झोया घाबरून उभी राहिली. एकदा स्वयंपाकघराकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं तिने.

"मॅम, बरं हाय ना तुम्हाला?"

जन्मभर या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "नाही गं. बरं नाहीये."

"मग बसून रहा," झोया म्हणाली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.